परदेशी गाडी, देशी हात

डहाणू रोड स्थानकावर आगगाडीतून उतरून पूर्वेकडे तोंड केले की थोड्याच अंतरावर सपाटी संपते आणि डोंगरांची रांग दिसू लागते. पाठीमागे समुद्र, खाडी, खारा वारा आणि चिकूच्या बागा; समोर साग व ऐनाचे रान, गवताची कुरणे, भाताची खाचरे आणि त्यांत विखुरलेले वारल्यांचे पाडे. किनाऱ्याच्या पट्टीला लोहमार्ग १८६४ साली लाभला. मुंबईचा माणूस त्या काळापासून काही तासांत डहाणूस पोहोचू लागला. परंतु डहाणूहून तलासरी, उधवा किंवा झरी गाठावयाची म्हणजे पुढे कित्येक दशके पाय, घोडा किंवा बैलगाडी यांवाचून दुसरे साधन नव्हते. मृग लागला की बैलगाडीचे चाकही चिखलात रुते आणि पाड्यांचा जगाशी संबंध चार महिने तुटल्यासारखा होई.

या मुलखात वाहनाचा प्रश्न केवळ वेगाचा नव्हता. रस्ता नसेल तेथे ओझे कोणी तरी डोक्यावर वाहावेच लागते, आणि ते कोणी वाहावयाचे हे येथे ठरून गेलेले होते. जमीनदाराचे गवत, ठेकेदाराचे लाकूड, फिरतीवर निघालेल्या अंमलदाराचे सामान, हे सारे वारल्याच्या डोक्यावर चढे. आणि त्याबद्दल पुष्कळदा मजुरीच मिळत नसे. या प्रकाराला वेठ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे, म्हणजे त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यात, हजारो वारली एकत्र जमले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी यापुढे वेठ करावयाची नाही असा निश्चय केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगडासह पाच जण मृत्युमुखी पडले. ओझे कोणी वाहावे या प्रश्नाची किंमत येथे रक्ताने मोजली गेली आहे, हे ध्यानात ठेवून अमेरिकेहून आलेल्या एका लहानशा गाडीची हकीकत ऐकली पाहिजे.

ती गाडी म्हणजे जीप. तिचा जन्म युद्धाच्या घाईत झाला. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन लष्कराने १३५ कारखानदारांस विचारणा केली, की हलकी, बुटकी आणि चारही चाकांना जोर पुरविणारी गाडी कोण करून देतो? मुदत इतकी तोकडी होती की बहुतेकांनी नाद सोडून दिला. पेनसिल्व्हेनिया संस्थानातील बटलर गावच्या बँटम या लहान कंपनीने ४९ दिवसांत नमुना सिद्ध करण्याचे पत्करले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो लष्कराच्या हवाली केला. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याचा होता. परंतु लष्कराला हव्या तितक्या गाड्या पुरविण्याची बँटमची ऐपत नव्हती. म्हणून ओहायोतील टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड आणि प्रख्यात फोर्ड या कंपन्यांकडे हे काम गेले. युद्ध संपेपर्यंत या दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या.

या गाडीत विशेष काय होते, हे साध्या शब्दांत सांगता येईल. त्या काळच्या नेहमीच्या मोटारीत यंत्राचा जोर मागच्या दोन चाकांना मिळे. ती चाके चिखलात फिरू लागली, की पुढची दोन चाके नुसती पाहत राहतात आणि गाडी आपल्याच जागी खड्डा खणते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी बसविलेली असते. तिच्यातून एक दांडा मागच्या धुऱ्याकडे आणि दुसरा पुढच्या धुऱ्याकडे जातो. चालकाच्या हाताशी त्यासाठी दोन लहान तरफा असतात: एकीने पुढची चाके जोडावयाची, दुसरीने चाकांची गती जवळजवळ निम्मी करून जोर दुप्पट करावयाचा. यंत्र साठ अश्वशक्तीचे आणि गाडीचे वजन जेमतेम एक टन, त्यामुळे ती रुतली तरी चार माणसांना उचलून बाहेर काढता येई. रस्त्यावाचून चालणारी मोटार जगाला प्रथमच एवढ्या मोठ्या संख्येने पाहावयास मिळाली, ती या रूपाने.

युद्ध संपले तेव्हा ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेल्या असंख्य अमेरिकन गाड्या हिंदुस्थानात पडून होत्या. त्यांतील पुष्कळ सरकारी विक्रीत निघाल्या आणि ठेकेदार, बागायतदार, संस्थानिक व शिकारी यांच्या हाती गेल्या. याच सुमारास मुंबईत एक नवी पेढी उभी राहत होती. कैलासचंद्र महिंद्र हे युद्धकाळात वॉशिंग्टन येथे हिंदुस्थान सरकारच्या खरेदी-मंडळाचे प्रमुख होते. तेथे त्यांची विलिस कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. खडबडीत रस्त्यांच्या देशाला हीच गाडी उपयोगी, हा विचार घेऊन ते परतले. त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम महंमद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी स्थापन झाली, म्हणजे तलवाड्याच्या गोळीबारापूर्वी अवघे आठ दिवस. १९४७ साली फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे बदलले. त्या १९४७ सालीच विलिसच्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपाने पेट्यांतून आल्या आणि येथे जोडण्यात आल्या.

गाडी बंदरावर उतरणे ही एक गोष्ट आणि ती दहा वर्षांनीही चालणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर देशाला लवकरच कळले. १९४८ साली काश्मीरची मोहीम चालू असता लंडनमधील हिंदी वकिलातीमार्फत जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्या लष्करासाठी घेण्याचा करार झाला. रक्कम सुमारे ८० लाख रुपयांची होती. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि लष्कराने त्या निकामी ठरवून नाकारल्या. हे प्रकरण संसदेत अनेक वर्षे गाजले आणि १९५५ साली सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग बाजूस ठेवला तरी त्यातून एक व्यावहारिक धडा मिळतोच: झिजलेले यंत्र समुद्रापलीकडून आणावयाचे आणि ते दुरुस्त करणारे हात व भाग मात्र समुद्रापलीकडेच ठेवावयाचे, तर ती खरेदी भंगाराची होते.

खाजगी मालकाला हाच धडा रोज थोडाथोडा मिळत असे. १९४९ पासून परदेशी तयार मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९५३ साली टॅरिफ कमिशनने असा सल्ला दिला, की जी कंपनी गाडीचे भाग क्रमाक्रमाने याच देशात तयार करण्याची योजना आखील तिलाच येथे धंदा करू द्यावा. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जोडणीचा कारखाना १९२८ पासून चालू होता. तो १९५४ साली बंद झाला. अमेरिकन गाड्या बाळगणाऱ्या शेकडो कुटुंबांपुढे तेव्हा एकच प्रश्न उभा राहिला, की मोडलेला भाग आणावयाचा कोठून?

जीपच्या मालकाला या बाबतीत दोन गोष्टींनी तारले. पहिली गोष्ट गाडीच्या घडणीतच होती. विलिस आणि फोर्ड या दोन निरनिराळ्या कंपन्यांनी एकाच मापाच्या गाड्या बांधल्या होत्या, अशा हेतूने की रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी उभी करता यावी. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटविले होते. तरीही तो बोल्ट विलिसच्या गाडीत बिनतक्रार बसे. युद्धासाठी योजलेली ही सोय शांततेच्या काळात गरिबाच्या उपयोगी पडली. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारात एका मेलेल्या गाडीचे अवयव दुसरीला जीव देऊ लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे मिस्त्री. या माणसाने अभियांत्रिकीचे पुस्तक पाहिलेले नसे. पुष्कळदा तो आरंभी लोहार किंवा लेथवर काम करणारा असे. परंतु जीप इतकी उघडी आणि सरळ बांधणीची होती की तिच्याकडे पाहूनच ती शिकता येई. झडप उघडली की यंत्राचा प्रत्येक भाग हाताशी येतो. बेअरिंगची पितळी बुशे लेथवर कातता येतात, कमानीचा तुटलेला पाटा दुसऱ्या गाडीच्या पाट्यातून कापून बसविता येतो, गळती लागलेल्या जागी चामड्याची चकती कापून काही दिवस काम भागविता येते. युद्धातील गाड्यांना सहा व्होल्टची बॅटरी असे. ती मिळेनाशी झाली तेव्हा दिवे, डायनॅमो व स्टार्टर बदलून बारा व्होल्टवर जाणे भाग पडले. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा कित्येक मालकांनी मूळ अमेरिकन यंत्र उतरवून त्याजागी डिझेलचे यंत्र चढविले. नाव अमेरिकन, सांगाडा अमेरिकन आणि हृदय मात्र देशी ट्रॅक्टरचे किंवा मॅटॅडोरचे, अशा गाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागल्या.

डहाणूसारख्या मुलखात ही जोपासना आणखी कठीण होते, कारण तेथे समुद्र आणि डोंगर दोघेही गाडीचे वैरी ठरतात. खाऱ्या हवेने पत्रा खालून खाल्ला जातो. तळाच्या चौकटीत साचलेला चिखल वेळीच धुतला नाही तर बाहेरून धड दिसणारी गाडी आतून पोखरली जाते. उन्हाळ्यात गवताचा कोंडा व धूळ यंत्रात ओढली जाते. ती अडविण्यासाठी हवेच्या नळीवर तेलाची वाटी असते. धुळीच्या वाटेवरून आल्यावर त्या वाटीतील गाळ काढून नवे तेल घालावे लागते. पावसाळ्यात ओढे उतरताना शहाणा चालक आधी पंख्याचा पट्टा सैल करतो, नाही तर पंखा पाणी उडवून प्रज्वलनाच्या तारा भिजवितो आणि गाडी प्रवाहाच्या मध्यावर बंद पडते. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दाबून थोडे अंतर चालवावे, म्हणजे ते तापून सुकतात. संध्याकाळी धुऱ्यातील तेल पाहावे. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी शिरले असे समजून तेल बदलावे. आणि पक्क्या कोरड्या रस्त्यावर पुढची चाके जोडून गाडी कधी हाकू नये, कारण वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर तोडीत नाहीत आणि तो सारा ताण दात्यांवर येतो. हे नियम न पाळणाऱ्याची जीप दोन पावसाळ्यांत खिळखिळी होई. पाळणाऱ्याची तीस वर्षे चाले.

मालकी या शब्दाचा अर्थच येथे पालटतो. पावती ज्याच्या नावे तो कायद्याने मालक खरा. पण हजारो कोसांवर बांधलेल्या यंत्राच्या बाबतीत, ते बंद पडल्यावर जो त्याला चालू करू शकतो त्याच्या हाती खरी सत्ता असते. १९५४ साली महिंद्र कंपनीने विलिसशी सहकार्याचा करार करून गाडीचे भाग येथेच घडविण्यास आरंभ केला, त्याचे महत्त्व याच दृष्टीने मोजले पाहिजे. विलिसने १९५३ साली बाजारात आणलेला उंच झडपेचा नमुना अमेरिकेत १९६८ पर्यंत बांधला गेला. भारतात त्याच घराण्यातील गाड्या एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बांधल्या जात होत्या. जन्मभूमीने सोडून दिलेली गाडी दत्तक घराने चाळीस वर्षे अधिक सांभाळली.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांशी या गाडीची खरी ओळख झाली ती मात्र सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजनेचा प्रारंभ ५५ प्रकल्पांनी झाला. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेशी झालेल्या तांत्रिक सहकार्याच्या करारान्वये या योजनेला साहाय्य मिळाले. पुढे देशभर विकासगट पसरले आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी खेड्यापाड्यांत इतकी रूढ झाली की लोक एकीवरून दुसऱ्याला ओळखू लागले. १९५३ पासून हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली आणि त्यांतील पुष्कळांना युनिसेफकडून वाहने मिळाली. ज्या वाटेने पूर्वी वेठीची ओझी जात, त्या प्रकारच्या वाटांनी आता औषधांच्या पेट्या चाकांवरून जाऊ शकत होत्या.

‘जाऊ शकत होत्या’ असेच म्हणणे प्राप्त आहे. सरकारी जीपचा इतिहास सर्वस्वी गौरवाचा नाही. वारल्याच्या मनात खाकी रंगाच्या गाडीने प्रथम पोलीस किंवा रानाचा शिपाईच उभा राहावा, यात नवल नाही; १९४५ च्या आठवणी एका पिढीत पुसल्या जाणाऱ्या नव्हत्या. शिवाय सरकारी गाड्यांना तोच जुना रोग जडला. गाडी मंजूर होई, पण तिच्या टायरांसाठी व दुरुस्तीसाठी वेगळी मंजुरी लागे. खाजगी मालक ज्या लहानशा भागासाठी कुर्ल्याचा बाजार पालथा घाली, त्याच भागासाठी कचेरीतील जीप अर्जाचे उत्तर येईपर्यंत उभी राही. तिच्या मागच्या बाकावर ज्याला नेण्याची घाई असे, त्या तापाने फणफणलेल्या मुलाला किंवा अडलेल्या बाईला उत्तराची वाट पाहता येत नसे. मग झोळी बांधून माणसांच्या खांद्यावरूनच तिला न्यावे लागे. दुर्गम पाड्यांतून आजही अशा झोळ्या निघाल्याच्या वार्ता येतात. रस्ता नाही हे त्याचे एक कारण. आहे ते वाहन चालते ठेवले नाही हे दुसरे, आणि या दुसऱ्या कारणाला डोंगराचा किंवा नदीचा आडोसा घेता येत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला आणि डहाणू व तलासरी त्यात समाविष्ट झाले. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीवरून तलासरी-अच्छाडकडे जातो आणि त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. महामार्गापासून आत वळणाऱ्या वाटांवर मात्र जुनाच हिशेब लागू पडतो. तेथे वाहनाची किंमत त्याच्या चकाकीवर ठरत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते ओढा ओलांडील की नाही आणि ओलांडता ओलांडता मोडले तर जवळच्या गावात ते कोणी उघडू शकेल की नाही, यावर ती ठरते.

या कथेचा शेवट मोठा चमत्कारिक आहे. २०१८ साली महिंद्र कंपनीने ‘रॉक्सर’ नावाची गाडी अमेरिकेत विकण्यास काढली. तिचे भाग भारतातून पेट्यांतून जात आणि मिशिगन संस्थानात जोडले जात. ७५ गाड्यांच्या पेट्या १९४७ साली ज्या दिशेने आल्या होत्या, त्याच्या नेमक्या उलट दिशेने. जीपच्या तेथील वारसदार कंपनीने रूपसाम्याबद्दल तक्रार केली आणि २०२० साली अमेरिकेच्या व्यापार-आयोगाने तिच्या बाजूने निर्णय दिल्यावर रॉक्सरला आपला चेहरा बदलावा लागला. तरीही युद्धकालीन जीप जतन करणारे अमेरिकेतील हौशी लोक तिच्यासाठी लागणारे कित्येक नवे भाग आजही भारतातून मागवितात. जो देश एके काळी प्रत्येक चकतीसाठी टोलेडोकडे पाहत होता, त्याच्याकडे आता टोलेडोची जुनी गाडी आपल्या दुरुस्तीसाठी पाहते.

हे परिवर्तन कारखान्यांच्या करारांनी घडविले, हे खरे. पण त्या करारांच्या खाली तेलाने माखलेल्या हजारो हातांचा पाया आहे. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. कोठे तरी महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, पावसाची सर ओसरण्याची वाट न पाहता गाडीखाली शिरलेला मिस्त्री हा या इतिहासातील खरा मालक होय. आणि त्याने ठीक केलेली गाडी ज्या दिवशी पाड्यावरच्या आजाऱ्याला वेळेवर दवाखान्यात पोहोचविते, त्या दिवशी झरीच्या सभेत विचारलेल्या प्रश्नाला थोडेसे उत्तर मिळते.